सूत्रात ^ आलं की आमची लायब्ररी का थांबते?

नमस्कार,

आमची लायब्ररी म्हणजे मजकुरात लिहिलेलं सूत्र वाचून तुमच्या प्रोग्रॅमसाठी त्याचं फंक्शन बनवणारं सॉफ्टवेअर. ‘एक्सेलमध्ये चालणारं सूत्र तुमच्याकडे अडकतं’ असे फोन वारंवार येतात. बहुतेक वेळा अडतं ते ^ या चिन्हावर; एक्सेलमध्ये त्याचा अर्थ घात (१२^२ म्हणजे १२ चा वर्ग).

सळईच्या मीटरमागच्या वजनाचं रोजचंच सूत्र घ्या: (व्यास^२)/१६२. १२ एमएमला एक्सेल ०.८८९ किलो देतं. पायथन आणि जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये मात्र ^ म्हणजे घात नव्हे, बिटांवरचा एक्सॉर (दोन संख्यांचे ०-१ चे अंक ताडून वेगळे असतील तिथे १ मांडणारी क्रिया). तिथे १२^२ चे १४ होतात आणि वजन येतं ०.०८६ किलो. कंस काढले तर पायथन निदान एरर देतं. जावास्क्रिप्ट गुपचूप १२ किलो सांगतं! मुंबईत दारूखान्याच्या लोखंड बाजारातल्या गाळ्यावर १०० मीटर सळईचं बिल ८९ किलोऐवजी साडेआठ किलोचं निघालं, तर ते कुणाच्या लक्षात येईपर्यंत माल गेलेला असतो.

मग ^ ला सरसकट घातच का धरत नाही? कारण -२^२ चं उत्तर एक्सेलमध्ये ४ येतं, तर पायथनच्या घातचिन्हाने (**) -४. तुम्हाला कुठलं हवंय याचा अंदाज आम्ही बांधत नाही. सेटिंगमध्ये ‘एक्सेल रीत’ किंवा ‘गणिती रीत’ एकदा निवडा, पुन्हा विचारणार नाही. लॉगचंही तिथेच ठरतं: लॉग(१००) एक्सेलमध्ये २, पायथनच्या मॅथ मॉड्यूलमध्ये ४.६०५.

काही जण कंटाळून सूत्र थेट ईव्हॅलला, म्हणजे दिलेला मजकूर प्रोग्रॅम म्हणून चालवणाऱ्या फंक्शनला, देतात. कृपा करून देऊ नका. सूत्राच्या चौकटीत कुणी फाइल पुसायची आज्ञा लिहिली तर तीही चालेल. बिल्ट-इन फंक्शनं काढून टाकली तरी पायथनमध्ये पळवाटा उरतातच. आम्ही सूत्राच्या मजकुराचे तुकडे पाडून कुठली क्रिया आधी, कुठली नंतर याचं झाड बांधतो (यालाच पार्सिंग म्हणतात), ठरलेल्या यादीतलीच चिन्हं आणि फंक्शनं स्वीकारतो, आणि मग सूत्र सोडवणारं फंक्शन हातात देतो. ते लूपच्या बाहेर एकदाच बनवा. पन्नास हजार ओळींसाठी पन्नास हजार वेळा पार्सिंग होत असेल, तर प्रोग्रॅम रखडणारच.

नवं सूत्र पाठवताना चलांची नावं क्रमाने, त्यांची एककं आणि हाताने सोडवलेलं एक उदाहरण जोडा. तपासणी त्याच दिवशी होते. देखभाल करार असेल तर जुन्या शीटमधली सूत्रं आम्हीच बदलून देतो. फक्त शीट मेलने पाठवा. व्हॉट्सॲपवर सूत्र टाइप केलं की कधी कधी दोन * मधला मजकूर ठळक होतो आणि गुणाकाराची चिन्हंच गळतात.