मुलगे की मुली: वेल्लोरचा आकडा आणि ‘अकस्मात मृत्यू’

आत्महत्येचे प्रयत्न मुली जास्त करतात, मृत्यू मात्र मुलग्यांचे जास्त होतात. या कोड्याला १९९८ मध्ये ‘लिंगभाव विरोधाभास’ असं नाव मिळालं. आधार प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतल्या आकड्यांचा होता आणि तिथे तो नियम चालतोही. पण १९९० च्या दशकातच चीनच्या खेड्यांतल्या तरुण स्त्रियांचं आत्महत्येचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. पुढे ते झपाट्याने उतरलं.

भारतातला धक्का २००४ चा. तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळच्या गावांत दहा वर्षांतल्या मृत्यूंची घरोघरी जाऊन विचारपूस झाली होती. १० ते १९ वयोगटात वर्षाला लाखामागे मुलींचं प्रमाण निघालं १४८, मुलग्यांचं ५८. पोलिसांच्या कागदांवरून इतकी मोठी दरी कुणाच्या लक्षात आली नव्हती.

याचं एक कारण त्या कागदांतच आहे. आपल्याकडे अशा घटनेत पोलीस ठाण्यात आधी ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद होते, पंचनामा होतो. ‘अकस्मात’ या एका शब्दात अपघात, आत्महत्या आणि संशयास्पद मृत्यू असं सगळंच बसतं. पुढे त्याचं काय ठरतं, ते बरंचसं घरचे काय सांगतात यावर. ‘स्टोव्हचा भडका उडून युवती भाजली’ ही एकेकाळी रोजची बातमी होती. भडके सुनांच्या आणि मुलींच्याच वाट्याला कसे येत, हे मात्र बातमीत कधी नसे. त्यात आत्महत्येचा प्रयत्न करणं हाच तेव्हा गुन्हा होता, मग खरं सांगणार कोण? १९८३ च्या दुरुस्तीने लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीने आत्महत्या केली तर शवविच्छेदन सक्तीचं केलं. हुंडाबळींच्या काळात ते हवंच होतं. पण कायद्याची नजर विवाहितेवर खिळली. सतरा वर्षांच्या अविवाहित मुलीसाठी तशी तरतूद झाली नाही.

नोंदीचा घोळ फक्त आपलाच नाही. इंग्लंडमध्ये आत्महत्येचा निष्कर्ष काढायला २०१८ पर्यंत फौजदारी खटल्याइतका भक्कम पुरावा लागत असे.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येच्या प्रयत्नासाठीच्या शिक्षेची धार बोथट केली आणि जुलै २०२४ पासून तो प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलमच गेलं. २०२२ च्या सरकारी आकड्यांत एकूण आत्महत्यांपैकी दहातले सात पुरुष, पण अठराच्या आत मुली मुलग्यांपेक्षा जास्त. त्या तक्त्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली मात्र १८ ते ३० च्या रकान्यात जातात, त्यामुळे १५ ते १९ या जागतिक वयोगटाशी तुलना करायला बसलं की गणित अडतं.