ठाण्याच्या खाडीतले गुलाबी हेर

लहान मुलांना प्राण्यांच्या हेरकथा भारी आवडतात. काळा चष्मा लावलेला बोका, पंखाखाली कॅमेरा दडवलेलं कबुतर! ऐरोली-नेरूळच्या मुलांना मात्र खरीखुरी हेरकथा सांगता येते, कारण तिच्यातले हेर घराजवळच उतरतात.

आधी बोक्याचं बघू. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तहेर संस्थेने मांजराच्या कानात मायक्रोफोन आणि अंगात ट्रान्समीटर बसवून त्याला चोरून बोलणी ऐकायला पाठवायचं ठरवलं. पण मांजर कुणाचं ऐकतं का? भूक लागली की ते आपल्या वाटेनं चालू लागे. १९६७मध्ये तो उद्योग गुंडाळला. त्या मुक्या जिवाच्या शस्त्रक्रियेचं मला आजही वाईट वाटतं.

कबुतराची गोष्ट इथलीच. मे २०२३मध्ये चेंबूरजवळच्या जेट्टीवर पायात कड्या असलेलं एक कबुतर सापडलं आणि ते चिनी हेर असल्याचा संशय आला. बिचारं आठ महिने अडकून पडलं. शेवटी कळलं की ते तैवानमधलं शर्यतीचं कबुतर होतं! जानेवारी २०२४मध्ये त्याला सोडून दिलं.

आता आपले हेर, म्हणजे रोहित पक्षी, फ्लेमिंगो. २०२२मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी सहा फ्लेमिंगोंना जीपीएस यंत्रं बसवली. असं यंत्र उपग्रहांचे संदेश पकडून आपण कुठे आहोत ते काढतं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून कळवतं. रेंज नसेल तिथे नोंदी साठवून ठेवतं, रेंज आली की धाडून देतं. सौरऊर्जेवर चालत असल्यानं बॅटरी बदलायला पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही. वजनाचा नियम कडक असतो: पक्ष्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांच्या आत. दोन किलोच्या पक्ष्याला जास्तीत जास्त साठ ग्रॅम.

या हेरांना कुणी काही शिकवत नाही, हेच मला फार आवडतं. बोक्यानं माणसांचं काम करावं असा हट्ट होता. फ्लेमिंगोनं फक्त फ्लेमिंगोसारखं जगायचं. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की तो मान खाली घालतो आणि चोच चक्क उलटी करून पाण्यात बुडवतो. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी भराभर मागेपुढे होते, पाणी आत येतं, बाहेर जातं, आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शैवाल अडकतं. त्यातल्याच रंगद्रव्यांनी पिसं गुलाबी होतात. पिल्लं जन्मतात ती राखाडीच.

भरतीला चिखल बुडाला की थवे नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर येऊन थांबतात. लांबचा प्रवास ते बहुधा रात्री करतात. अंधारात कोण कुठे गेलं, वाटेत कुठे टेकलं, हे नुसत्या डोळ्यांना कळणार कसं? ते यंत्र सांगतं. थवे दोन्हीकडे जा-ये करतात, म्हणूनच खाडी आणि तळी वेगवेगळी मोजून चालत नाही. तळ्यात येणारं भरतीचं पाणी अडलं, तर पक्ष्यांची भरतीच्या वेळची बसायची जागाच जाते. ती तळी जपलीच पाहिजेत.

मुलांनाही या हेरगिरीत भाग घेता येईल. काही फ्लेमिंगोंच्या पायात यंत्राऐवजी रंगीत कडं असतं, त्यावर ठळक अक्षरं असतात. दुर्बिणीतून ती वाचायची, किंवा लांबूनच फोटो काढायचा, आणि तारीख, वेळ, जागा लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवायची.