अमेरिकेला जाताना जास्त तास, येताना कमी

जळगाव-भुसावळकडे आता गल्लीगल्लीत कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, आणि घरच्यांना विमानाचे तास तोंडपाठ असतात. मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्यापेक्षा परत यायला दीड-दोन तास कमी लागतात. गोलावरचं जवळचं अंतर दोन्ही वेळी तेच, सुमारे १२,५०० किलोमीटर. फरकाचं कारण विचारलं की शिकलेली माणसंही सांगतात, “पृथ्वी फिरते ना, म्हणून.”

हे उत्तर तपासून बघा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तासाला १५ अंश. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सुमारे १४७ अंशांचा फरक आहे. विमान आकाशात नुसतं थांबलं आणि जमीन खालून सरकत राहिली, तर दहा तासांत न्यूयॉर्कचं रेखावृत्त आपोआप खाली यायला हवं. म्हणजे जाणं झटपट व्हावं. घडतं उलट! जळगावची जमीन तासाला सुमारे १,५६० किलोमीटर वेगाने पूर्वेला जाते, पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर जाते. धावत्या रेल्वेच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, तसंच हे.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहे, आणि तो फार सुंदर आहे. विषुववृत्तावर जमीन आणि हवा तासाला १,६७० किलोमीटरने पूर्वेला जातात. तिथली तापलेली हवा वर चढते, उत्तरेकडे सरकते आणि पृथ्वीच्या अक्षाजवळ येऊ लागते. कोनीय संवेग, म्हणजे वस्तुमान, वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार, कायम राहायचा तर तिचा वेग वाढलाच पाहिजे. ३० अंश अक्षांशावर अक्षापासूनचं अंतर ०.८६६ पट उरतं. म्हणून हवेचा वेग १,६७० भागिले ०.८६६, म्हणजे सुमारे १,९३०. खालच्या जमिनीचा वेग १,६७० गुणिले ०.८६६, म्हणजे सुमारे १,४५०. वजाबाकी केली की तासाला ४८० किलोमीटरचा, पूर्वेकडे जाणारा वारा मिळतो. घर्षण आणि भोवरे यांमुळे एवढा उरत नाही, पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर हिवाळ्यात दोनशेच्या पुढचा वेग सहज असतो. हाच जेट स्ट्रीम. जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून असे वारे मोजले आणि निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले. बाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात जपानवर गेलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना त्याच वाऱ्यांनी हैराण केलं.

विमानाचा हवेतला वेग तासाला ९०० किलोमीटर धरा. शंभरचा वारा पाठीशी असेल तर जमिनीवरून १,०००, समोरून आला तर ८००. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झाली, तरी साडेचौदा तासांत, म्हणजे सुमारे दोन तास आधी, विमान पोहोचलं. सोमवारी-शनिवारी पूर्वेला दिशाशूल म्हणून तिकिटाची तारीख बदलणारे अजून आहेत. त्यात पैसे वाया जातात, बाकी काही होत नाही. हा वारा त्या दोन्ही दिवशीही पूर्वेकडेच ढकलतो.

हिवाळ्यात हा प्रवाह दक्षिणेला सरकून उत्तर भारतावर येतो आणि जोर धरतो, म्हणून जाण्या-येण्यातला फरक तेव्हा जास्त जाणवतो. पावसाळ्यात तो हिमालयापलीकडे जातो. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे, येतात तेही याच प्रवाहाबरोबर. त्यांतला एखादा जोरकस असला की त्याचा परिणाम खान्देशापर्यंत पोहोचतो, आणि ऐन हरभऱ्याच्या दिवसांत गारपीट होते.