पार्श्वभूमी: कराचीतला दुसरा फोन

कराचीत कित्येक जण खिशात दोन फोन ठेवतात. एक कामाचा आणि दुसरा काचेला तडा गेलेला, लुटारूच्या हातात ठेवायचा. सिग्नलला मोटारसायकल शेजारी येऊन थांबली आणि मागे बसलेल्याने 'टीटी' पिस्तूल दाखवलं, की मुकाट्याने हा दुसरा द्यायचा. हुज्जत घातलेल्यांची बातमी उर्दू पेपरात 'डकैती मुज़ाहमत पर क़त्ल', म्हणजे लुटीला विरोध केल्याने खून, अशा ठरीव मथळ्याखाली येते.

पोलीस कुठे असतात? याचं उत्तर बरंच मागे जातं. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तिथलं पोलीस दल आयर्लंडमधल्या निमलष्करी दलाच्या धर्तीवर उभारलं. काम होतं जिंकलेला मुलूख दाबून ठेवायचं. पाकीटमाराची फिकीर कोणाला होती? कराची १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होती, आणि इलाख्याच्या पोलीस फेररचनेतही सिंधचाच कित्ता गिरवला गेला. म्हणजे हे खातं आपल्याला तसं परकं नाही.

फाळणीनंतर शहर ओळखू येईना. १९४१ मध्ये चार लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९५१ मध्ये दहा लाखांवर गेली. सिंधी हिंदू निघाले, त्यांतले कितीतरी उल्हासनगरच्या छावणीत पोहोचले. त्यांच्या जागी उर्दू बोलणारे मुहाजिर, म्हणजे भारतातून गेलेले निर्वासित, आले. पोलिसांत मात्र आपली माणसं नाहीत, बाहेरून आलेला शिपाई आपल्याला ओळखत नाही, ही मुहाजिरांची तक्रार पुढे कायमची झाली. १९७९ नंतर अफगाण युद्धाची शस्त्रं याच बंदरातून जाऊ लागली आणि त्यातली बरीच वाटेत झिरपली. एप्रिल १९८५ मध्ये नाझिमाबादेत मिनीबसखाली एक कॉलेजकन्या गेली. राग आधी बसवाल्यांवर, जे बहुतेक पठाण होते, आणि पोलिसांवर निघाला, मग मुहाजिर-पठाण दंगल पेटली.

१९८९ मध्ये रेंजर्स शहरात आले. 'तात्पुरते' म्हणून आलेले हे निमलष्करी जवान आजही आहेत. त्याच वर्षी राज्यपाल फखरुद्दीन इब्राहिम यांनी नागरिक-पोलीस संपर्क समिती काढली, कारण ठाण्यात तक्रारच नोंदवून घेत नसत. तिथला मुहर्रर, म्हणजे ठाणे अंमलदाराचा कारकून, रोजनामच्यात 'कच्ची' नोंद करून माणसाला वाटेला लावतो. गुन्हा दाखल झाला नाही की आकडाही वाढत नाही. चोरीच्या गाड्या आणि फोनची यादी मग ही समितीच ठेवू लागली. पोलिसांचं काम व्यापाऱ्यांनी आणि उद्योजकांनी करायचं, हे मला अजूनही चमत्कारिक वाटतं.

कायद्याचीही अशीच फरफट झाली. १८६१ चा कायदा जाऊन २००२ मध्ये नवा पोलीस आदेश आला, २०११ मध्ये सिंधने जुनाच परत आणला, २०१९ मध्ये पुन्हा २००२ चा. सप्टेंबर २०१३ पासूनच्या रेंजर्सच्या मोहिमेने खंडणीच्या 'पर्च्या' (धमकीच्या चिठ्ठ्या), अपहरणं आणि पक्षांशी जोडलेल्या टोळ्यांचे खून बरेच आटोक्यात आणले. मोबाइल हिसकावणारा तेवढा राहिला. तो कुठल्याच पक्षाचा नव्हता.

त्याच्यासाठी नसलं, तरी मोहरमसारख्या दिवसांत सरकारच्या हाती एक जुनं हत्यार असतं: 'डबल सवारी पर पाबंदी'. मोटारसायकलवर मागे कोणी बसायचं नाही. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं यांना सूट. मग कारखान्यातून सुटलेले दोघे भाऊ नाक्यावर अडवले जातात, आणि एक उतरून चालत निघतो.