सौर वर्णरेषांच्या निर्मितीची पडताळणी

सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषा त्याच्या वातावरणाच्या कोणत्या थरात आणि कशा तयार होतात, याचे गणित निरीक्षणांशी ताडून पाहण्याची पद्धत. योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये अशा पाचशेहून अधिक रेषा नोंदवल्या. गुस्ताव किरखोफ यांनी १८५९ मध्ये त्यांचा संबंध मूलद्रव्यांशी जोडला.

रेषेच्या मध्याशी वायू जास्त अपारदर्शक असतो. म्हणून तिथला प्रकाश वरच्या, तुलनेने थंड थरातून येतो, तर रेषेच्या कडांचा खालच्या, तापलेल्या थरातून. बिंबाच्या कडेला आपली नजर तिरकी जाते आणि वरचेच थर दिसतात. त्यामुळे गणित बिंबाच्या मध्यावर जुळले एवढ्याने भागत नाही, ते कडेलाही जुळावे लागते. ७७७ नॅनोमीटरजवळची ऑक्सिजनची तिहेरी रेषा इथे भल्याभल्यांना दगा देते: अणू स्थानिक तापमानाशी समतोलात आहेत असे धरले, तर मध्यावर बसवलेले उत्तर कडेपाशी फसते. रेषांची रुंदी जमवण्यासाठी पूर्वी ‘सूक्ष्मक्षोभ’ (वायूच्या बारीक खळबळीचा वेग) नावाचा आकडा हाताने घालावा लागे. वर उसळणाऱ्या आणि खाली बुडणाऱ्या वायूची त्रिमितीय प्रतिमाने (गणिती नमुने) आल्यावर ही ठिगळजोड सुटली.

मुंबईहून पाहताना आधी पृथ्वीच्या हवेने उमटवलेल्या रेषा वेगळ्या काढाव्या लागतात. मरीन ड्राइव्हवरून मावळतीचा सूर्य वर्णपटदर्शकातून पाहिला, तर ६८७ नॅनोमीटरजवळचा ऑक्सिजनचा पट्टा दुपारपेक्षा गडद दिसतो, आणि दमट हवेत सोडियमच्या जोडरेषेभोवती बाष्पाच्या बारीक रेषा गर्दी करतात. खात्रीचा उपाय जुनाच आहे. सूर्य विषुववृत्तापाशी सेकंदाला सुमारे २ किलोमीटर वेगाने फिरत असल्याने बिंबाच्या पूर्व व पश्चिम कडांवर त्याच्या रेषा सरकतात. हवेच्या जागच्या हलत नाहीत.

या विषयातला मोठा वाद मुंबईपर्यंत पोचला. नव्या प्रतिमानांनी सूर्यातील ऑक्सिजनचे प्रमाण बरेच खाली आणले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एच. एम. अंतिया यांनी सर्बानी बसू यांच्यासह २००४ मध्ये सौरकंपनांवरून (सूर्याच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या कंपनांवरून) दाखवले, की इतक्या कमी ऑक्सिजनने संवहन-थराची, म्हणजे जिथे वायू उसळून उष्णता वर नेतो त्या थराची, मोजलेली खोली जुळत नाही. रेषांचे गणित चुकले की अंतर्भागाचे, हा प्रश्न अजून लोंबकळतोच आहे: हायड्रोजन १२ धरणाऱ्या लॉगॅरिदमी मापावर २०२१ च्या एका मोजणीत ऑक्सिजन ८.६९ निघाला, २०२२ च्या दुसरीत ८.७७.