रुळांपर्यंत पाणी येत नाही, तरी गाडी का थांबते?

जुलै 2023 मध्ये दिल्लीत यमुना 208.66 मीटरवर पोचली, तेव्हा आमच्या नात्यातल्या एका काकांनी घाबरून विचारलं, "दोनशे मीटर खोल पाणी?" तो आकडा खोलीचा नसतो, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा असतो. तो जुन्या लोखंडी रेल्वे पुलापाशी मोजतात. तिथली धोक्याची पातळी आहे 205.33 मीटर. म्हणजे पाणी त्या खुणेच्याही वर एक मजला चढलं होतं!

हा पूल 1866 सालचा, सलीमगड किल्ल्याला लागून. वर रूळ, खाली रस्ता. डोक्यावरून गाडी गेली की कठड्यावर टेकलेला तळहात झिणझिणतो. मी गेलो तेव्हा खाली एक मुलगा दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढत होता. नाण्यातल्या तांब्याने नदी शुद्ध होते, असं सांगणाऱ्यांनी हे पाहावं. तांबं चुंबकाला चिकटत नाही. आपली हल्लीची बरीचशी नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलची आहेत.

त्या पुरात पुलावरची रेल्वे वाहतूक थांबवली होती. पाणी गर्डरला, म्हणजे रूळ पेलणाऱ्या लोखंडी तुळईला, धडकण्याची भीती असतेच, पण खरा घात तळाशी होतो. कोकणात समुद्रात उभं राहिल्यावर परतणारी लाट टाचेखालची वाळू ओढून नेते ना, तसंच पुलाच्या खांबाच्या बुडाशी होतं.

प्रवाह खांबावर आपटून थबकतो आणि त्याच्या वेगाचं रूपांतर दाबात होतं. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नदीत वेग वर जास्त आणि तळाशी कमी, त्यामुळे दाबही वर जास्त. म्हणून पाणी खांबाला घासत सरळ खाली घुसतं, वाळू उकरतं आणि घोड्याच्या नालेसारखा भोवरा होऊन खांबाला दोन्ही बाजूंनी वळसा घालतं. त्यात वेग दुप्पट झाला, तर प्रवाह हलवू शकेल अशा दगडाचं वजन दोनाच्या सहाव्या घाताने, म्हणजे 64 पट वाढतं. याच धास्तीने उत्तरेतल्या वाळूच्या नद्यांवर विटांच्या पोकळ विहिरी खोल उतरवून त्यांवर खांब उभारत.

पूर ओसरताना गाळ बसून तो खड्डा बुजतो. हिवाळ्यात पाहणाऱ्याला तळ सपाट दिसतो, पण भरलेली वाळू भुसभुशीत असते. म्हणून खड्ड्याची खोली मोजायची ती ऐन पुरात, पाणी गढूळ आणि पिसाळलेलं असतानाच.