राज्य महामार्ग की राष्ट्रीय महामार्ग? लातूर–नांदेड रस्त्याचा उलगडा

तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणारा रस्ता पूर्वी राज्य महामार्ग होता. आज तोच राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे आणि पुढे वारंगा फाटा, यवतमाळ, वर्धा ओलांडून बुटीबोरीला पोहोचतो. गावं तीच राहिली, पण रस्त्याचा मालक बदलला. खड्ड्याची तक्रार चुकीच्या कार्यालयात जाऊन पडते ती नेमकी यामुळे.

फरकाचं मूळ कायद्यात आहे. राष्ट्रीय महामार्ग १९५६ च्या केंद्रीय कायद्याने घोषित होतो, राज्य महामार्ग १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखाली येतो. म्हणून राज्याचा क्रमांक कर्नाटक किंवा तेलंगणाच्या हद्दीवर संपतो, पलीकडे त्या राज्याची स्वतःची यादी. राष्ट्रीय क्रमांक मात्र हद्द ओलांडून चालतो.

त्या क्रमांकातही अर्थ असतो. २०१० च्या फेररचनेपासून उत्तर–दक्षिण मुख्य मार्गांना सम, पूर्व–पश्चिम मार्गांना विषम अंक मिळतात. सोलापूर–धाराशिव–बीड–छत्रपती संभाजीनगर–धुळे हा जुना २११ आता ५२ मध्ये आहे. कल्याणहून माळशेज, माजलगाव, पाथरी, परभणी, नांदेडकडे येणारा जुना २२२ आता ६१. तीन अंकी क्रमांक ही शाखा असते, शेवटचे दोन अंक मूळ मार्गाचे: ३६१ म्हणजे ६१ ची शाखा. जुन्या नकाशांवर, दुकानांच्या पाट्यांवर २११ अजून दिसतो, त्यावरून अर्ज लिहू नका.

रस्त्यावर ओळखायचं तर किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्य. नारिंगी डोकं ग्रामीण रस्त्याचं. पण दर्जा बदलल्यावर दगड रंगवायला उशीर होतो, आणि बाह्यवळण झालं की गावातला जुना तुकडा राज्याकडे किंवा नगरपालिकेकडे जाऊ शकतो. अशा ठिकाणी पिवळ्या दगडावर विसंबून चालत नाही.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: राष्ट्रीय महामार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, असं समीकरण नाही. कित्येक तुकडे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असतात. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम विभागाच्या नेहमीच्या उपविभागाकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे.

जमिनीच्या बाबतीत फरक फार महत्त्वाचा. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा सांगणारी अधिसूचना निघाली की हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. कलम ३डी ची घोषणा झाली की जमीन केंद्राची होते, मोबदला नंतर ठरला तरी. राज्य महामार्गाच्या रुंदीकरणात बऱ्याचदा थेट खरेदीचा मार्ग वापरतात, तिथे दर पटल्याशिवाय सही करायची नाही.

मार खाण्यात मात्र दोन्ही सारखे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. साइडपट्टी मातीची ठेवली तर पाणी कडेने आत शिरतं आणि डांबराच्या कडेलगत लांबच लांब भेग पडते. मग उसाच्या ट्रॉलीचं चाक कडेवरून गेलं की कड खचते. नुसतं डांबर भरून भेग परत उघडते. साइडपट्टीची काळी माती काढून मुरूम दाबावा लागतो, नाली मोकळी करावी लागते. अर्जात ‘कड खचली’ एवढं पुरत नाही. दगडावरचा किलोमीटर, तिथून किती मीटर, नांदेडकडे जाताना डावी बाजू की उजवी, आणि जवळची मोरी लिहा. कनिष्ठ अभियंता थेट त्या जागी येऊ शकतो.